यादीत नसलेला चतुर

‘गोव्यात नवी जात सापडली’ अशी बातमी पेपरात आली की आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी हमखास विचारतं, “मग इतकी वर्षं ती होती कुठं?” विचारणारा थट्टेनं विचारतो, पण प्रश्न अगदी नेमका आहे. ती होती तिथंच होती, फक्त कागदावर नव्हती. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, चतुर आणि त्यांच्या नात्यातल्या बारीक टाचण्या शोधायच्या नादाला लागल्यापासून मला त्या कागदाचंच जास्त कुतूहल वाटायला लागलं आहे. जीव दिसणं हा ह्या कामातला सोपा भाग. तो अमुकच आहे आणि आजवर इथं नोंदलेला नाही, ही दोन वाक्यं छातीठोकपणे लिहिता येणं, ह्यातच सगळा वेळ जातो.

मी संशोधक नव्हे. सत्तरीतल्या एका उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. फॉर्मॅलिनच्या बाटल्यांवरची धूळ पुसायची, सूक्ष्मदर्शकाचे बल्ब बदलायचे, प्रात्यक्षिकाच्या सकाळी जास्वंदी जमवून ठेवायच्या, ही माझी नोकरी. चतुरांकडे वळले ती एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पामुळे. प्रकल्प जमा झाला, गुण मिळाले, मुलगा पुढं कॉलेजला गेला. पण आम्ही दोघंही त्यातून काही बाहेर पडलो नाही. तो अजून मला टीचरच म्हणतो, आणि सुट्टीत गावी आला की जाळं घेऊन दारात उभा राहतो.

बातम्यांत नेहमी एक गल्लत होते. जगातल्या कुठल्याच ग्रंथात वर्णन नसलेला जीव सापडणं वेगळं, आणि केरळात-कर्नाटकात माहीत असलेला जीव गोव्यात पहिल्यांदा नोंदला जाणं वेगळं. पहिल्या प्रकारची उदाहरणं गोव्यात आहेत, आणि ती फार जुनीही नाहीत. आमच्या सत्तरीतल्या केरी गावातून २००७ साली गेगेनिओफिस गोएन्सिस ह्या देवगांडुळाचं वर्णन झालं. पाय नसलेला हा उभयचर, मातीत राहणारा; कुदळीखाली आला तर लोक त्याला गांडूळ नाहीतर सापाचं पिल्लू समजतात. २००९ मध्ये दिपकाडी गोएन्से हे कंदवर्गीय रानफूल, २०१५ मध्ये नेत्रावळीच्या जंगलातून इंडिराना सालेलकरी हा बेडूक, २०१८ मध्ये मिनर्वार्या गोएमची हा आणखी एक बेडूक. हे सगळे जीव माणसांच्या वावरात होते. शेतात, सड्यावर, ओढ्याच्या काठी.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदी मात्र गोव्यात अजून पुष्कळ व्हायच्या आहेत, आणि त्याचं कारण बरंचसं इतिहासात आहे. भारतातल्या चतुरांवरचा पायाभूत ग्रंथ म्हणजे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले फ्रेझरचे तीन खंड: १९३३, १९३४ आणि १९३६. फ्रेझर पेशानं लष्करी डॉक्टर. दक्षिणेतले ओढे त्यानं पिंजून काढले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. जुन्या कीटकनोंदी चाळायला घेतल्या की कॅसल रॉक, कारवार, उत्तर कॅनरा ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. कॅसल रॉकहून रेल्वे घाट उतरायला लागली की दूधसागर आलाच, पण नोंद वरच थांबलेली असते. पुढं मुक्तीनंतर काम झालं. झूऑलॉजिकल सर्व्हेनं २००८ मध्ये गोव्याच्या प्राणिसृष्टीवर खंड काढला, २०१० आणि २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ थ्रेटण्ड टॅक्सा’मध्ये गोव्याच्या चतुरांच्या यादीत भर घालणारी टिपणं आली. तरीही ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात व्हाळ इतके, आणि पावसाच्या तोंडावर त्यांच्यात उभं राहणारी माणसं इतकी थोडी, की यादीत भोकं राहणारच.

पावसाच्या तोंडावर म्हणायला कारण आहे. तळ्यावर भिरभिरणारे चतुर वर्षातले कितीतरी महिने दिसतात. पण गॉम्फिडी नावाच्या कुळातले कित्येक चतुर आयुष्याचा बहुतेक भाग ओढ्याच्या तळाशी वाळूत गाडून घेऊन अळीच्या रूपात काढतात, आणि मिरगाच्या आगेमागे बाहेर येऊन थोडे आठवडे उडतात. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. ह्याच दिवसांत शाळा उघडतात, शेतीची घाई असते, व्हाळाला कधी लोंढा येईल सांगता येत नाही आणि जळवा पायाला लागतात. हौशी फोटोवाले थंडीत येतात, तेव्हा हा चतुर वाळूखाली असतो. यादीत तो नसण्यामागे एवढं साधं कारण असू शकतं.

आमचा चतुर दिसला तो मे संपता संपता, वळवाच्या दोन-तीन सरी येऊन गेल्यावर. विद्यार्थ्याच्या आजोबांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे, त्याच्या वरच्या अंगाला सड्यावरून एक व्हाळ उतरतो. पाटाला पाणी वळवायला दगडांचा जुना बांध घातलेला आहे; बांधामागे वाळू साचते, पाणी घोट्याएवढं, वर जांभळीची आणि बांबूची सावली. मी तिथं गेले होते ती काती गोळा करायला. चतुराची अळी पाण्याबाहेर येते, दगडाला घट्ट धरून बसते, पाठ उकलते, आतून चतुर निघतो आणि कात तिथंच राहते. ह्या काती फार बोलक्या असतात. अमुक जात इथं नुसती उडत आली नव्हती, इथंच वाढली, ह्याचा कातीइतका पक्का पुरावा दुसरा नाही. पण पहिला मोठा पाऊस पडला की दगड धुऊन निघतात. म्हणून त्या दिवसांत रोज सकाळी बांधावर पालथं पडून दगडांच्या खाचा तपासायच्या.

आजो पाट साफ करायला आले होते. मला तशी पडलेली बघून त्यांनी विचारलं, “किदें सोदता गो बाय, भांगर?” भांगर म्हणजे सोनं.

“किडे बघते, आजो.”

“किडे बघायला वाकायला कशाला हवं? माझ्या सुपारीवर ये, भरपूर आहेत.”

तेवढ्यात पलीकडून मुलगा हळू आवाजात म्हणाला, “टीचर, हो तो न्हय.” ‘तो’ म्हणजे आम्हांला ठाऊक असलेला, ह्याच व्हाळावर नेहमी दिसणारा पॅरागॉम्फस. हा त्याहून अंगानं बारीक, रंगानं जास्त काळा. बगलेवर हिरवट पिवळे पट्टे. डोळे एकमेकांपासून सुटे. सुटे डोळे बघितल्यावर गॉम्फिडी कुळ नक्की झालं, कारण आपल्याकडच्या बाकीच्या बहुतेक मोठ्या चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. ओल्या दगडावर तो पोट किंचित उचलून बसला होता. फोटो घेईपर्यंत बसला, मग बांबूत वर गेला आणि त्या दिवशी पुन्हा खाली आला नाही.

जातीचं नाव इथं लिहीत नाही. आमचं टिपण अजून छापून यायचं आहे, आणि आधी नाव बाहेर फोडणं ह्या कामात बरं दिसत नाही.

फोटोंबद्दल मात्र लिहिते, कारण नव्यानं ह्यात पडणाऱ्यांचा इथंच सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना मी बघते. चतुराचा देखणा फोटो आणि उपयोगाचा फोटो ह्या दोन वेगळ्या गोष्टी. वरून काढलेला, पंख पसरलेला, मागं हिरवी धूसर पार्श्वभूमी असलेला फोटो कॅलेंडरला चांगला. ओळखायला लागतो तो बगलेचा फोटो, ज्यात छातीवरचे पट्टे मोजता येतात, चेहऱ्याचा समोरून, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे पोटाच्या शेवटच्या टोकाचा, वरून एक आणि बाजूनं एक. रंगावर जाऊ नये. नुकताच बाहेर आलेला चतुर फिकट असतो, जुना झालेला काळवंडतो. टाचण्यांत तर अॅग्रिओक्नेमिस पिग्मियाची मादी लाल, हिरवी अशी वेगवेगळ्या रूपांत मिळते. एकाच डबक्यावर ती रूपं बघून नवशिक्या माणसाच्या वहीत जाती वाढत जातात. ‘ही नक्कीच नवी’ म्हणून लोक ज्या दाखवायला आणतात, त्यातल्या बहुतेक ह्याच रांगेतल्या निघतात.

टोकाला इतकं महत्त्व का, ते सांगते. नराच्या पोटाच्या शेवटी पकडीसारखी अंगं असतात. जोडी जमताना नर त्यांनी मादीला डोक्यामागं धरतो, आणि ही पकड प्रत्येक जातीची वेगळी. रंगात सारखे दिसणारे दोन चतुर पकडीत वेगळे निघतात. म्हणून जाणकाराला फोटो पाठवला की उत्तर दोन ओळींचं येतं. मलाही तसंच आलं: ‘कूळ बरोबर. टोक दिसत नाही, नर हातात घेऊन बघितल्याशिवाय पुढं बोलू नये.’

आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला असता तर एखाद्या दिवसात दोघांनी नाव सुचवलं असतं. मी ते माध्यम रोज वापरते आणि त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. कोण कुठं काय बघतंय हे त्यावर जितकं कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. पण दोघांनी होकार दिला म्हणजे ओळख पटली असं नाही. दोघंही तोच धूसर फोटो बघत असतात.

हातात घ्यायचा म्हणजे परवानगी हवी. व्हाळाचा खालचा भाग कुळागराचा, वरचा म्हादई अभयारण्याच्या हद्दीकडे जाणारा. अभयारण्यात अभ्यासासाठी जायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. नमुना पकडायचा तर का, किती, कुठल्या संस्थेत ठेवणार हे सगळं लिहून द्यावं लागतं. मी एकटी अर्ज करू शकत नव्हते, मागं संस्था लागते. मुलाच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी प्रकल्प आपल्या नावावर घेतला, प्रस्ताव लिहिला, नकाशा जोडला. ह्या सगळ्याला वेळ लागतो, आणि लागावा असंच माझं मत आहे. जाळं घेऊन कुणीही कुठंही शिरू लागला, तर जे थोडं उरलंय ते बाटल्यांत जाईल. पण हौशी माणसानं आधीच हे जाणून असावं की परवानगी येईपर्यंत तो हंगाम बहुधा हातचा जातो. आमचा गेला.

तो पावसाळा आणि पुढची थंडी याद्या तपासण्यात गेली. हा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात सांगते. फ्रेझरचे खंड स्कॅन करून नेटवर मिळतात. त्यातल्या किल्ल्या, म्हणजे ‘असं असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे’ अशा पायऱ्या, पंखांच्या शिरांवर चालतात, आणि शिरांची नावं तेव्हाची वेगळी, आताची वेगळी. जातींची नावंही बदललेली. एका वंशातून दुसऱ्या वंशात गेलेली. जुन्या यादीतलं नाव आज कशाला म्हणतात हे शोधल्याशिवाय ‘यादीत नाही’ म्हणता येत नाही. गोव्याची, कोकणाची, उत्तर कर्नाटकाची मिळतील तेवढी टिपणं उघडून एकेक नाव जुळवत गेले. संशय एकाच वंशातल्या दोन-तीन जातींवर येऊन थांबला, आणि त्यातली एकही गोव्यातून छापलेली नव्हती.

मनात म्हटलं, ह्यातली एकही नसेल तर? खोटं कशाला बोला, तो विचार सुखाचा होता. पश्चिम घाटात अजून नव्या जाती निघतात. केरळातल्या जायफळी दलदलींतून प्रोटोस्टिक्टा मिरिस्टिकाएन्सिस ही टाचणी २०२० मध्ये जगापुढं आली. आमच्या सत्तरीत बांबरला निरंकाराची राय तशाच दलदलीची आहे, देवाच्या नावानं राखलेली. शिवाय आमच्यापासून डोंगर ओलांडला की चौकुळ; त्या गावाच्या नावावरून बर्मागॉम्फस चौकुलेन्सिस हा गॉम्फिडी कुळातलाच चतुर २०२२ मध्ये नोंदला गेला. शाळेत बातमी पसरली तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलंसुद्धा, “नाव तुमचंच देणार ना?” स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, तसं करणं हास्यास्पद समजतात, हे त्यांना पटवताना चहा गार झाला.

पुढच्या मिरगाआधी परवाना हातात होता. वळीव उशिरा आला. बांधावर काती दिसायला लागल्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या, वाळूचे कण अजून अंगाला चिकटलेले. वाळूत राहणाऱ्या अळीचे पुढचे पाय खणायला केलेले, आखूड आणि जाड, मिशा दांडक्यांसारख्या. कात हातात घेतली तर तिला वजनच नसतं, श्वासानं उडते. मी त्या फिल्मच्या जुन्या डब्यांत तारखेच्या चिठ्ठीसकट ठेवत गेले.

नर पकडला तो मुलानं. ह्या चतुरावर जाळं वरून मारलं की तो निसटतो. दगडावर बसलेला असताना मागून, पाण्याच्या पातळीवरून जाळं सरकवायचं आणि तो उठला की तोंड वळवून घ्यायचं. मुलगा व्हाळात मांडी घालून बसून राहिला, पाणी कमरेला, डोक्यावर पाऊस. मी काठावरून बघत होते. चतुर दोनदा उठला आणि त्याच दगडावर परत आला. तिसऱ्यांदा जाळ्यात गेला. आत पंख फडफडल्याचा आवाज आला, कोरड्या कागदासारखा, आणि आजो पाटावरून ओरडले, “घावलें?”

पुढचं काही जणांना आवडणार नाही. नमुना म्हणजे मारलेला चतुर. त्याला आधी कागदी पाकिटात काही तास जिवंत ठेवतात, पोट रिकामं व्हावं म्हणून. मग पंख पाठीवर मिटवून अॅसिटोनमध्ये बुडवतात आणि रात्रभर, मोठा असेल तर दिवसभर ठेवतात. अॅसिटोन शरीरातलं पाणी आणि चरबी ओढून घेतं, त्यामुळे वाळल्यावर रंग बराचसा टिकतो. नुसता वाळवला तर पिवळा पट्टा मातकट होतो आणि पोट मोडतं. त्याआधी एक पाय काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला, डीएनएसाठी. मला हे सगळं करायला जड गेलं, आणि तरी मी ते पुन्हा करेन. एक नर नीट लेबल लावून संग्रहालयात असेल तर पुढच्या शंभर वर्षांत कोणाला शंका आली तरी तो उघडून बघता येतो. फोटोत बघता येतं तेवढंच, जेवढं त्या दिवशी उजेडात होतं. लेबलावर गाव, तालुका, समुद्रसपाटीपासून उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. सगळं शिसपेन्सिलीनं, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. लेबल नसलेल्या नमुन्याचा कोणाला काही उपयोग नाही.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत, शाळेच्याच स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तो ठेवला. पकडीची वरची दोन अंगं पिवळसर, टोकाशी आत वळलेली. खालचं अंग काळं, दोन फाट्यांचं. बाजूनं वळवला तर वरच्या अंगाच्या मध्यावर, खालच्या कडेला, एक बारीक दात. फ्रेझरच्या आकृतीत तो दात आहे. मी आकृतीची छापील प्रत सूक्ष्मदर्शकाच्या बाजूला टेकवून ठेवली होती, एका डोळ्यानं हे आणि एका डोळ्यानं ते बघत. मग पोटाच्या दुसऱ्या खंडाखालची अंगं तपासली, तीही जुळली. पंखाच्या शिरा जुळल्या. मुलगा म्हणाला, “म्हणजे नवा न्हय.” नवा नव्हता. कर्नाटकातल्या घाटातून नव्वद वर्षांपूर्वी नोंदलेला, पुढं केरळातही सापडलेला. जाणकारांकडे फोटो पाठवले, त्यांनीही तेच नाव सांगितलं, ह्या वेळी एका ओळीत.

डीएनएनं काय सांगितलं, असं सगळे विचारतात. फारसं काही नाही. त्या तपासणीत एका जनुकाच्या तुकड्याचा क्रम आधीच्या साठ्याशी ताडून बघतात. त्या जातीचा क्रम साठ्यात आधी कोणी टाकलेला असेल तरच नाव मिळतं. नसेल तर यंत्र फक्त जवळचा नातलग दाखवतं. आपल्याकडच्या गॉम्फिडींपैकी पुष्कळांचे क्रम कुणी टाकलेलेच नाहीत. आता हा एक टाकला गेला, एवढंच. पुढच्याला उपयोगी पडेल.

टिपण लिहायला घेतलं आणि शेवटची खातरजमा म्हणून मी आणि मुलगा मिळतील ती सगळी फोटोंची संकेतस्थळं चाळत बसलो. आमच्या जातीचं नाव गोव्यात कुठंही नव्हतं. मग मुलाला सुचलं की नाव नको शोधूया, चुकीच्या नावाखाली बघूया. गोव्यातले सगळे पॅरागॉम्फस उघडले. त्यांत पावसाळ्यात धबधबा बघायला आलेल्या एका पर्यटकानं काही वर्षांपूर्वी टाकलेला एक फोटो निघाला. मोबाइलवर काढलेला, कलता, कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल. पण चतुर बाजूनं बसलेला, आणि पोटाचं टोक लख्ख. वरच्या अंगाचा दातसुद्धा मोठा करून बघितला तर कळत होता. हाच आमचा चतुर, आमच्या आधी, म्हादईच्या खोऱ्यात दुसऱ्या टोकाला.

त्या माणसाला आम्ही कळवलं. त्याला आठवतही नव्हतं. त्यानं आनंदानं फोटो वापरायला दिला. टिपणात पहिला पुरावा म्हणून त्याचा फोटो जातो, मग आमचा नमुना. नियतकालिकातर्फे टिपण तपासणाऱ्यानं शीर्षकही बदलायला लावलं: ‘गोव्यातली पहिली नोंद’ ऐवजी ‘गोव्यातून प्रसिद्ध झालेली पहिली नोंद’. मला ते बदललेलं जास्त आवडलं. प्राध्यापक थोडे हिरमुसले.

तपासणाऱ्यानं आणखी पुष्कळ विचारलं. मादी का नाही? काती त्याच जातीच्या कशावरून? सावली किती, तळ वाळूचा की खडीचा? रास्त प्रश्न. काहींची उत्तरं होती, काहींसाठी वाक्यं काढून टाकावी लागली. जागेच्या अक्षांश-रेखांशावर आमचं त्याचं थोडं वाजलं. तो पूर्ण आकडे मागत होता, आम्ही दशांशानंतर दोनच घरं दिली. दोन घरं म्हणजे साधारण एक किलोमीटरचा घोळ. अभ्यासाला पुरतो, आणि कुळागराच्या बांधावर अनोळखी गाड्या येत नाहीत. नमुना आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रात ठेवायला दिला. जात जगाला नवी असती तर जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे असा नमुना ठरवून दिलेल्या संग्रहात जमा करणं आम्हांला बंधनकारकच होतं. आमची तशी नव्हती, तरी दिला.

इतकी उठाठेव करून मिळालं काय, तर राज्याच्या यादीत एक ओळ. ती ओळ मला लहान वाटत नाही. एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लिहिताना अहवालवाले आधी छापलेल्या याद्या उघडतात. तिथं जे नाही ते त्यांच्या दृष्टीनं जागेवरही नाही. म्हादईच्या पाण्याचा गोवा-कर्नाटकातला तंटा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजतात. लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी आलं, आणि दोन्हीकडचे लोक अजून त्या आकड्यावर बोलतात. त्या हिशेबात घोट्याएवढ्या पाण्याच्या व्हाळाला कसलं एकक? पण हा चतुर मोठ्या नदीत वाढत नाही. त्याला सावलीतला, वाळूच्या तळाचा, बारमाही झिरपणारा असलाच व्हाळ लागतो. आजोंनी आणि त्यांच्या बापजाद्यांनी पाटासाठी बांध घातला, त्यामागं वाळू साचली, जांभळी तोडल्या नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत वर चढून आम्ही पुष्कळ हिंडलो. तिथं खडकाळ उतार आहे आणि हा चतुर आम्हांला दिसला नाही.

गावच्या जैवविविधता नोंदवहीतही तो घालायचा म्हणून पंचायतीत गेले. वहीत औषधी झाडं, भाताची बियाणी, गुरं ह्यांची पानं भरलेली; कीटकांना मधमाशी आणि फुलपाखरं मिळून एक पान. सचिव मदतीला तत्पर होते. स्थानिक नाव? नाही. उपयोग? डास खातो, असं मी सांगितलं. अळी पाण्यात डासांच्या अळ्या खाते आणि मोठा झाल्यावर उडते किडे, हे खरंच आहे. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, “मग पंचायतीनं सोडायला मिळतील का हे?”

मादी अजून मिळालेली नाही आणि अळीचं पूर्ण वर्णनही व्हायचं आहे. त्यासाठी वाळू घातलेल्या टबात काही अळ्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी ठेवल्या आहेत. बाहेर येणाऱ्या चतुराशी तिची कात जुळवली की पक्कं होईल. त्या गांडुळाचे तुकडे खातात, दिवसभर वाळूत असतात, नुसते श्वासाचे टोक वर. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो आणि सत्तरीत पावसात वीज जातेच, म्हणून सुट्टीच्या दिवसांची किल्ली शिपाईमामांकडे दिली आहे. पाणी बदलायचं ते व्हाळाचंच, नळाचं नको, असं टबावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.